बारा जिवांचा परवाना

‘परवाना’ हा शब्द मी आधी ऐकला तो उर्दूतून. आमच्या घरी शायरीची आवड, आणि शायरीत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. मराठीतला परवाना, शिक्क्याचा कागद, माझ्या हाती आला तो २००२ साली. मी विमा एजंट झालो. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, वर कविता करणाऱ्या माणसाला दुसरं काम मिळतही नव्हतं!

१९५६ पासून आयुर्विमा म्हणजे महामंडळ, एवढंच लोकांना माहीत होतं. १९९९ च्या कायद्यानं विमा नियामक प्राधिकरण आलं, खासगी कंपन्या आल्या आणि एजंटांसाठी नवे नियमही आले. शंभर तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा. परवाना तीन वर्षांचा, नूतनीकरणाआधी पुन्हा पंचवीस तास वर्ग. वर्गात माझ्या एका बाजूला निवृत्त तलाठी, दुसऱ्या बाजूला शिवणकाम करणाऱ्या बाई. तिथं मी मृत्यूचं कोष्टक पहिल्यांदा पाहिलं. अमुक वयाच्या हजार माणसांपैकी वर्षात किती जातात, याचे नुसते आकडे. कवींनी मृत्यूवर पुष्कळ लिहिलंय, पण इतक्या शांतपणे नाही.

परीक्षा सोपी होती. अवघड होतं ते परवाना टिकवणं. महामंडळाच्या एजंटाला वर्षाला किमान बारा नवे ‘जीव’ आणावे लागतात. आमची बोलीच तशी, “यंदा किती जीव झाले?” पहिल्या वर्षी मामा, मेहुणे, वर्गमित्र यांत बारा भरतात. दुसऱ्या वर्षी अनोळखी दारं. मोहल्ल्यात पहिला प्रश्न, “मियाँ, यात व्याज तर नाही ना?” यावर उलेमांमध्येही मतभेद आहेत. मी वाद घालत नसे, मौलानांना विचारून ठरवा म्हणे. इतर आळ्यांत प्रश्न वेगळा, “पहिला हप्ता तुम्हीच भरणार ना?” कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देण्यावर १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नं बंदी आहे. पूर्वी दंड पाचशे रुपयांपर्यंत, त्यामुळे कुणी घाबरत नसे. २०१५ च्या दुरुस्तीनं तो दहा लाखांपर्यंत नेला. मी वाटा दिला नाही. त्यापायी गेलेली गिऱ्हाइकं मोजली तर दोन वर्षांचे जीव सहज भरतील.

पण सगळ्यात नाजूक जागा म्हणजे अर्जातला आजारांचा रकाना. यंत्रमागावर काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ होते. त्यांना साखरेचा आजार. “भाईजान, तेवढं लिहू नका, हप्ता वाढतो.” मी लिहिणारच म्हटल्यावर ते दुसऱ्या एजंटाकडे गेले. त्यानं ‘नाही’ लिहून दिलं. पुढच्याच वर्षी ते वारले. कंपनीनं दवाखान्याचे कागद तपासले आणि दावा नाकारला. त्यांची बायको ते इंग्रजी पत्र माझ्याकडे वाचून घ्यायला आली. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, “सही यांचीच आहे. पण हे ‘नाही’ कुणाच्या हातचं?”

२०१५ च्या दुरुस्तीनं पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर तिच्यावर शंका घ्यायला मनाई केली. त्याआधी मात्र लपवलेला आजार बाहेर आला तर कंपनी हात वर करू शकते. अर्जदाराला इंग्रजी येत नसेल, तर मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचं निवेदन अर्जाखाली असतं. त्यावर सही करणारा प्रत्येक जण समजावून सांगतोच, असं नाही. म्हणून सही करण्याआधी अर्ज मराठीत वाचून घ्या, आणि भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या.

त्याच दुरुस्तीनं प्राधिकरणाचा परवानाही गेला. एजंटाला नेमणूकपत्र कंपनीच देऊ लागली. लोक अजून त्याला परवानाच म्हणतात. कुणी पोरगा-पोरगी “एजंट व्हायचंय” म्हणत आली, की मी बारा नावं लिहून आणायला सांगतो. यादीत नऊ-दहा नावं नातेवाइकांचीच असतात. ती मी पेन्सिलीनं खोडतो आणि कागद परत देतो. काही जण पुन्हा येत नाहीत. मागच्या महिन्यात एक मुलगी मात्र नवी यादी घेऊन आली. तिच्यात पहिलं नाव होतं तिच्या गल्लीतल्या भाजीवालीचं, आणि पुढं कंसात लिहिलं होतं, ‘बीपी आहे, विचारून घेतलं.’