वाक्यसंश्लेषण : चिलखत कोणाच्या अंगात?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)

फळ्यावर पुढील तीन वाक्ये आहेत, असे समजावे. "महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले. खानाने कट्यारीचा वार केला. वार चिलखतावर अडला." १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी घडलेला हा प्रसंग मुलांना तोंडपाठ असतो. तरीही वाक्ये जोडावयास सांगितली की एखाद्या वहीत असे उतरते : "अंगरख्याखाली चिलखत घालून खानाने वार केला." मुलाला कथा ठाऊक आहे, त्याच्या वाक्याने मात्र महाराजांच्या अंगातील चिलखत खानाच्या अंगात गेले. वाक्ये जोडली आहेत, एवढेच पाहून शिक्षकाने बरोबरची खूण केली, तर हाच दोष पुढे त्याच्या पत्रात आणि अर्जातही उतरेल.

दोषाचे मूळ 'घालून' या रूपात आहे. 'ऊन'प्रत्ययान्त धातुसाधिताचा कर्ता सामान्यतः मुख्य क्रियापदाचाच कर्ता असतो. ("पाऊस पडून नदीला पूर आला" यासारखी वाक्ये भाषेत रूढ आहेत, पण तेथे दोन कर्ते असले तरी घोटाळा होत नाही.) येथे कर्ते दोन आणि दोन्ही माणसे. म्हणून "महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, त्यामुळे खानाने केलेला कट्यारीचा वार त्यावर अडला" असे वाक्य हवे. 'व' घालून तिन्ही वाक्ये जोडली, तर व्याकरण बिघडत नाही. पण वार का अडला, ते सांगायचे राहून जाते. लहान वाक्ये जोडावयाची ती हा कार्यकारणसंबंध दाखविण्यासाठी. एरवी मुलाची तीन सुटी वाक्येच अधिक चांगली.

सरावासाठी दूर जाण्याचे कारण नाही. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. शायिस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान फेब्रुवारी १६६१ मध्ये घाट उतरून तेथे आला आणि कोंडला गेला. "कोकणात उतरून मावळ्यांनी खानाला गाठले" असे लिहिले, तर मावळेच घाट उतरून आलेले ठरतात. "खान कोकणात उतरत असता मावळ्यांनी त्याला गाठले" हे बरोबर. "सैन्य मोठे होते. वाट अरुंद होती. सैन्याला आपले बळ वापरता आले नाही." येथे पहिले वाक्य तिसऱ्याच्या विरुद्ध जाते व दुसरे त्याचे कारण सांगते; म्हणून "सैन्य मोठे असूनही वाट अरुंद असल्यामुळे त्याला आपले बळ वापरता आले नाही." 'असूनही' आणि 'असल्यामुळे' यांची अदलाबदल करून वाक्य वाचावयास लावले, तर मुले आपण होऊन हसतील.

खानाबरोबर रायबागन होती. तिने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला व त्याने तो मानला. हा मजकूर "शरण जाऊन रायबागनने खानाला सल्ला दिला" असा फळ्यावर लिहावा, आणि आधी शरण कोण गेले, एवढेच वर्गाला विचारावे.