गाथेशेजारी ठेवायची पुस्तकं
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



विणेकरी, चोपदार, टाळकरी मंडळी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माय-माउल्या, आणि मागं उभी राहिलेली पोरं. मला कीर्तनाला उभं केलं तर दोन तास कसे जातात ते कळत नाही, पण भाषण म्हटलं की घशाला कोरड पडते. त्यात विषय असा दिलाय, 'महाराज, तुम्हाला आवडलेली पुस्तकं सांगा.' मी चौथी शिकलेला माणूस. अजून बी ओळीवर बोट ठेवूनच वाचतो. पण वाचतो.

गाथा, ज्ञानेश्वरी, हरिपाठ ह्याच्याबद्दल मी बोलणार नाही. ते आपलं रोजचं जेवण आहे. मी सांगणार गोष्टीची अन् कवितेची पुस्तकं. आपल्यात काही जण म्हणतात की कथा-कादंबरी म्हणजे रिकाम्या माणसाचं काम. मी बी तसंच म्हणायचो. नुसतं म्हणायचो नाही, कीर्तनात ठासून सांगायचो. त्यात माझं काय नुकसान झालं ते आधी ऐका.

माझी माय जात्यावर ओव्या म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं. पहाटं जात्याची घरघर सुरू झाली की आम्ही लेकरं गोधडीत पडून ऐकायचो. पंढरीच्या ओव्या, भावाच्या, सासरच्या, अन् आपल्या गंगाखेडच्या जनाबाईच्या तर किती! १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर गेली. मी सोबत असायचो. तिथं जातं नव्हतं, हातात हातोडी होती, तरी ओवी चालूच. पुढं गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. तरी काहीतरी निवडत-पाखडत बसली की म्हणायची.

मी कीर्तनं करायला लागलो तेव्हा मला जरा जास्तच आलं होतं. एक दिवस म्हटलं, 'माय, हे बायकी गाणं पुरं कर आता, हरिपाठ म्हण.' ती हसली. 'बरं महाराज,' म्हणाली. पोटच्या लेकराला महाराज म्हणाली. त्या दिवसापासून माझ्यासमोर तिनं ओवी म्हटली नाही. १९९८ ला ती गेली.

ती गेल्यावर दोन-तीन वर्षांनी गावच्या गुरुजींनी मला एक पुस्तक दिलं, 'बहिणाबाईंची गाणी'. बहिणाबाई चौधरी, खानदेशातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. १८८० चा जन्म, १९५१ ला गेल्या. आमच्या मायसारखंच, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव, त्यांनी अन् घरातल्या एका भावानं ती वहीत उतरून ठेवली. माय गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अन् १९५२ ला पुस्तक निघालं. मी ते वाचलं अन् पुस्तक मिटून बसलो. त्यांच्या मायचं त्यांनी लिहून घेतलं. मी माझ्या मायचं तोंड बंद केलं.

अन् मी कोण? वारकरी! ज्ञानोबा माउलींनी सांगितलं, ते सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतलं. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले. जनाबाईचं तर प्रत्यक्ष पांडुरंगानं लिहून घेतलं म्हणतो आपण. हे सगळं मी कीर्तनात सांगायचो, अन् घरातली जनाबाई मला दिसली नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं, बहिणाबाईंचं पुस्तक प्रत्येकाच्या घरात पाहिजे. त्यातली बोली खानदेशी आहे, पहिले दोन दिवस अडखळाल. मोठ्यानं वाचा म्हणजे कळतं. तसंच साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, त्या पुस्तकाचं नाव 'स्त्रीजीवन'. 'श्यामची आई' लिहिणारे तेच. अन् १९४७ ला पंढरपूरचं मंदिर हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले, ते बी तेच. पुढं हेमा राईरकर अन् गी पॉइतवाँ ह्यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. गी पॉइतवाँ हे फ्रान्समधून आलेले. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला जे मोलाचं वाटलं, ते मला माझ्या ओसरीत कळलं नाही.

चिमणी-कावळ्याची गोष्ट तुमच्या आजीनं सांगितली असंल, शेणाच्या अन् मेणाच्या घराची. ती 'लीळाचरित्रा'त आहे. सातशे वर्षांमागं म्हाइंभटांनी माणसामाणसाकडं जाऊन चक्रधर स्वामींच्या आठवणी लिहून काढल्या, त्यात लेकरांची ही गोष्ट बी सांभाळली गेली. पुस्तक अवघड आहे, सगळं वाचा म्हणत नाही. पण अशी गोष्ट त्यांनी हलकी मानली नाही, एवढं ध्यानात घ्या.

आता कथा. भास्कर चंदनशिव आपल्या मराठवाड्यातलेच. त्यांची 'लाल चिखल' नावाची कथा आहे. शेतकरी बाप अन् शाळकरी पोरगा टमाटे घेऊन बाजाराला जातात. भाव मातीमोल. शेवटी बाप काय करतो ते नावावरूनच तुम्हाला कळलं असंल. एका वारीत पाऊस लागला, आम्ही शाळेच्या व्हरांड्यात थांबलो होतो. माझ्या नातवाच्या दप्तरात ते पुस्तक होतं. मी म्हटलं वाच मोठ्यानं. दोघा-तिघांनी नाक मुरडलं, की भजनाच्या वेळेला हे काय. पोरानं वाचलं. वाचून झाल्यावर कुणीच बोलेना. पलीकडच्या गावचा एक जवान गडी, कापसात बुडालेला, सबंध वाटंनं मुक्यासारखा चालला होता. तो म्हणाला, 'हे कुणी लिहिलं? त्याला कसं ठाऊक?' अन् मग बोलायला लागला. कर्जाचं बोलला, घरी काय बोलणं झालं ते बोलला, आणखी काय काय मनात येत होतं ते बी बोलला. त्या रात्री आम्ही चौघं त्याच्याजवळ जागलो. पुढच्या साली तो वारीला होता, औंदा बी आहे. मी गेली किती वर्षं कीर्तनात 'चिंता करू नका' सांगतो, पण त्याचं तोंड त्या गोष्टीनं उघडलं. मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं.

अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' पोरांनी वाचावी. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही, माझ्याहून कमी शिकलेले. तरी काय लिहिलंय! एकदा हातात घेतली की ढोरं सोडायची आठवण राहत नाही.

आपल्या वारीवर बी पुस्तकं आहेत. दि. बा. मोकाशी म्हणून होते, पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं काम करायचे. ते आळंदी ते पंढरपूर चालले अन् 'पालखी' लिहिलं. आपण जे रोज बघतो अन् विसरतो, ते त्यांनी नीट बघून ठेवलं. दुसऱ्या इरावती कर्वे. 'परिपूर्ती' पुस्तकात त्यांचा वारीवर लेख आहे. त्यात त्यांनी एक दुखरी गोष्ट लिहिली, की वाट एक, भजन एक, पण एकाच दिंडीत जेवायची वेळ आली की जात बघून पंगत वेगळी. हे वाचून मला आधी राग आला. मग आठवलं, माझ्या लहानपणी आपल्या इकडं बी तसंच होतं. आता नाही असं आपण म्हणतो. पण तो लेख वाचून एकदा पंगतीवर नजर फिरवा.

आपल्या परभणीचं सांगायचं तर बी. रघुनाथ. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी करता करता कविता अन् कादंबऱ्या लिहिल्या, चाळिशीतच १९५३ ला गेले. परभणीला त्यांच्या नावाच्या सभागृहात आपण कार्यक्रमाला जातो, पुस्तक मात्र कुणी उघडत नाही. मी बी उशिरा उघडलं. अन् इंद्रजित भालेराव, त्यांचं 'पीकपाणी' बघा. वाटतं आपल्याच बांधावर बसून कुणीतरी आपल्याच बोलीत बोलतंय.

माझं मागणं एवढंच, की दिंडीच्या ट्रकमध्ये पखवाजाच्या पेटीशेजारी एक लहान पत्र्याची पेटी ठेवावी. त्यात ही आठ-दहा पुस्तकं. मुक्कामाला हरिपाठ झाल्यावर ज्याला येतं त्यानं अर्धा तास वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. पेटी मी देतो. 'बहिणाबाईंची गाणी' बी माझ्याकडून.

अन् दुसरं. माझी थोरली बहीण आज इथं बसली आहे. तिला मायच्या बावीस ओव्या आठवल्या, माझ्या नातीनं त्या वहीत उतरवल्या. एका ओवीचा पुढचा अर्धा भाग काही केल्या सापडंना. अक्का नुसती चाल गुणगुणती अन् थांबती. आमच्या मायसोबत खडी फोडलेल्या दोघी-तिघी आज मांडवात आहेत. त्यांनी अन् ज्यांना ज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात त्या सगळ्यांनी, पंगत बसायच्या आधी तुळशीवृंदावनाकडं यावं. दोन पोरी दोनशे पानी वह्या घेऊन बसल्यात. पेन एकच चालतोय, कुणाच्या खिशात असंल तर आणा.