दुर्बीण, रायफल आणि काळवीट



पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिचे पाहून गावोगाव अशा माला निघाल्या. या व्यासपीठांवर वेदान्त झाला, अर्थशास्त्र झाले, संतवाङ्मय तर दरसाल होतेच. तेथे मी आज रायफलीवर दुर्बीण बसवण्याची हकीकत घेऊन उभा आहे. चिटणीस मला दोनदा विचारून गेले, "विषय हाच ना?" मी म्हटले, "हाच."

त्याला कारण घडले. दोन महिन्यांपूर्वी घाटावरच्या एका खेड्यातला एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. रोह्यांनी त्याची तूर बसवली होती आणि हरणांनी हरभऱ्याचे शेंडे खाल्ले होते. मी तरुणपणी शिकार केली आहे, हे त्याने कुठूनसे ऐकले होते. तो म्हणाला, "आजोबा, लांबून नेम लागेल अशी एक दुर्बिणीची बंदूक कशी मिळवायची ते सांगा. एकदाचा कारभार आटपून टाकतो." त्याचा संताप खोटा नव्हता. कर्ज काढून केलेले पीक एका रात्रीत भुईसपाट झालेले ज्याने पाहिले, त्याला भूतदयेचे प्रवचन सांगण्याचा अधिकार शहरातल्या माणसाला नाही. म्हणून मी त्याला प्रवचन सांगितले नाही. माझी स्वतःची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्यापुढे मांडतो.

1966 सालची गोष्ट. त्या काळी परवाना काढून शिकार करता येत असे. माझ्या काकांजवळ एक अमेरिकन रायफल होती, विंचेस्टर कंपनीची 1894 च्या नमुन्याची. जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराने ही रचना केली, आणि पुढे या एका नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. चापाभोवती जी लोखंडी कडी असते, तीच हिची तरफ. तरफ खाली ओढली की उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर पडते, आणि वर ओढली की नवे काडतूस नळीत बसते. केनेथ अँडरसन या दक्षिणेतल्या शिकाऱ्याचे नाव आपण ऐकले असेल. त्याच्याजवळही याच घराण्यातली, 1895 च्या नमुन्याची, तरफेची रायफल होती.

काकांची नजर उत्तम होती. नळीच्या टोकावरची माशी, मागची खाच आणि जनावर ही तिन्ही एका रेषेत आणायची आणि चाप ओढायचा, एवढीच त्यांची विद्या. पण यात एक अडचण आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहू शकतो. खाच हातभरावर, माशी दोन हातांवर आणि जनावर शंभर वारांवर. माशी स्पष्ट पाहावी तर जनावर पुसट होते, आणि जनावर पाहावे तर माशी विरघळते. दुर्बिणीत हा झगडा मिटतो. तिच्यातल्या बारीक तारांची फुली आणि जनावराचे चित्र एकाच पातळीवर पडते, आणि डोळ्याला एकच गोष्ट पाहावी लागते. शिवाय चार पटींची दुर्बीण असेल तर दोनशे वारांवरचे हरिण पन्नास वारांवर उभे असल्यासारखे दिसते.

माझा एक नातलग परदेशातून अशी दुर्बीण घेऊन आला, आणि ती रायफलीवर चढवायचीच, असे मी मनात घेतले. काका म्हणाले, "शंभर वारांच्या आत या बंदुकीला दुर्बीण लागत नाही. शंभर वारांच्या पलीकडचे जनावर आपले नाही." मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. काकांचे हे बोलणे मला जुनाट वाटले.

आता बसवायची कुठे? सर्वांना वाटते, बंदुकीच्या डोक्यावर दोन कड्या बसवल्या की झाले. पण या रायफलीची पुंगळी बाजूने न पडता सरळ वर उडते. वर दुर्बीण ठेवली की पुंगळी तिच्यावर आपटते आणि परत आत अडकते. मार्लिन कंपनीच्या तरफेच्या रायफलींत पुंगळी बाजूने पडते आणि माथा सपाट असतो, त्यामुळे त्यांना ही अडचण नाही. विंचेस्टरनेही पुढे 1982 च्या सुमारास पुंगळी तिरपी उडेल अशी रचना केली. पण आमची रायफल जुनी. मग दुर्बीण नळीच्या डाव्या अंगाला दीड इंच सरकवून बसवणे हाच मार्ग उरला. ऑइल इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून मी रायफलीच्या डाव्या अंगाला चार भोके पाडून घेतली, त्यांत आटे कापून घेतले आणि चार स्क्रूंवर दुर्बीण चढवली. डोळा आणि काच यांत तीन-चार इंचांचे अंतर ठेवावे लागते. नाही तर बार होताच धक्क्याने काचेची कड भुवईत बसते. याचा प्रसादही मला पहिल्याच दिवशी मिळाला.

नंतर नदीच्या पात्रात शंभर वारांवर पुठ्ठा लावून आम्ही नेम जुळवला. काडतुसे महाग आणि मोजून मिळणारी. पाच बार केले, आणि शेवटचे तीन पुठ्ठ्यावर तळहाताएवढ्या जागेत बसले. मला स्वर्ग दोन बोटे उरला.

येथे थोडा हिशेब सांगतो. तो कंटाळवाणा वाटला तरी साऱ्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे. दुर्बीण नळीच्या डावीकडे दीड इंच आहे आणि दोन्हींच्या रेषा शंभर वारांवर मिळवल्या आहेत. तेथून पुढे गोळी नजरेच्या रेषेच्या डावीकडे जाऊ लागते, आणि दोनशे वारांवर ती दीड इंच डावीकडे पडते. ही झाली आडवी चूक. आता उभी. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. पुढच्याच्या बुडाला मागच्याचे टोक टेकलेले असते. टोक अणकुचीदार असेल तर आतच स्फोट व्हायचा, म्हणून गोळीचे नाक बोथट ठेवतात. बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. शंभर वारांवर नेम जुळवलेली गोळी दोनशेवर सुमारे आठ इंच खाली उतरते. हे सर्व मी पुस्तकात वाचले होते, वहीत मांडले होते. हिशेब मला तोंडपाठ होता.

त्या थंडीत आम्ही सिंदखेडराजाच्या बाजूला गेलो. बरोबर काका, आणि वाट दाखवायला एक म्हातारा पारधी. या माणसांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तो शिक्का पुसायला 1952 साल उजाडावे लागले. पण रानातल्या ज्ञानात त्यांची बरोबरी करणारा माणूस मी पाहिला नाही. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने पावलापावलाने कळपाकडे सरकायचे आणि कळपाच्या वाटेवर फास मांडायचे, ही त्यांची जुनी रीत. त्यात सगळा भर जनावराच्या जवळ जाण्यावर. वारा कुठला, कळपातली राखण करणारी मादी कोणती, नर कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे, हे त्यांना जवळ जाऊनच कळायचे.

म्हाताऱ्याला मी मोठ्या ऐटीत दुर्बिणीतून पाहायला लावले. दूर हरभऱ्यात एक काळवीट उभा होता. पाठ काळीभोर, पोट पांढरे, शिंगे पिळाची. त्याने बराच वेळ पाहिले, रायफल माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, "मालक, डोळा गेला तुमचा तिकडं, पन गोळी त इथूनच जाईन."

मी हसलो. अंतर दोनशे वार होते. काकांनी मान हलवून नको म्हटले. बांधावर कोपर टेकून मी दुर्बिणीत पाहिले. काळवीट उजवीकडे तोंड करून उभा होता. आठ इंचांचा हिशेब धरून मी फुली खांद्याच्या बरोबर वर, पाठीच्या रेषेवर ठेवली आणि चाप ओढला.

काळवीट कोसळला नाही. तो कमानीसारखा वाकला, उभा राहिला आणि मग मागचे पाय ओढत नाल्याकडे निघाला. दुर्बीण असल्यामुळे मला हे सारे अगदी जवळून दिसले. गोळी पोटात लागली होती. दुसरा बार करीपर्यंत तो बाभळींत शिरला. अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचा माग काढला. रात्री माग दिसेना. म्हातारा म्हणाला, जनावर जवळच बसले आहे, पण रात्री उठवले तर आणखी दूर जाईल. सकाळी दिवस उगवल्यावर तो सापडला. जिवंत होता. काकांनी काहीही न बोलता माझ्या हातातून रायफल घेतली आणि काम संपवले. घरी येईपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

चूक कुठे झाली? उंचीचा हिशेब बरोबर होता. चूक आडवी झाली. घरी येऊन दुर्बीण उतरवली तेव्हा मागचा एक स्क्रू किंचित ढिला झालेला आढळला. बैलगाडीत वीस मैल हादरे खाल्ल्यावर मी तो तपासला नव्हता. दुर्बिणीच्या दोन पायांत अंतर पाच इंच. त्यांतला एक पाय केसाच्या जाडीएवढा, म्हणजे इंचाचे तीन हजारांश, सरकला तर शंभर वारांवर दोन इंचांचा आणि दोनशेवर चार इंचांहून थोडा अधिक फरक पडतो. त्यात बाजूला बसवल्यामुळे येणारा दीड इंच मिळवा. दोन्ही चुका एकाच बाजूला, मागे पोटाकडे पडल्या. काळवीटाच्या छातीत ज्या जागी गोळी लागली तर तो तत्काळ मरतो, ती जागा वीतभर रुंद. तिच्या मध्यापासून सहा इंच मागे म्हणजे पोट. केसाएवढ्या ढिलाईने एका मुक्या जिवाला एक संपूर्ण रात्र भोगावी लागली.

पण सगळा दोष स्क्रूवर ढकलणे हा अप्रामाणिकपणा होईल. दुर्बीण नसती तर मी दोनशे वारांवरून बार केलाच नसता. माशी जनावराला झाकून टाकते, आणि आपल्या आवाक्याबाहेर आहे हे डोळाच सांगतो. दुर्बिणीने डोळ्याचा आवाका चौपट केला. हात, गोळी आणि विवेक यांचा आवाका होता तेवढाच राहिला. म्हातारा जे एका वाक्यात म्हणाला, ते समजायला मला एक काळवीट मारावा लागला.

आता त्या तरुण शेतकऱ्याकडे वळू. पहिली गोष्ट कायद्याची. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीने हौसेची शिकार या देशात संपली. काळवीट आणि चिंकारा हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. पीक खाल्ले म्हणून त्यांना मारण्याची परवानगी कुणीही देऊ शकत नाही, आणि मारल्यास शिक्षा तीन ते सात वर्षांची. रोही आणि रानडुक्कर यांची गोष्ट निराळी. उभ्या पिकाला धोका झाला असेल तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, आणि 2015 साली महाराष्ट्र सरकारने त्यासाठी पद्धत घालून दिली आहे. पण परवानगीचा कागद म्हणजे नेम नव्हे. पीकरक्षणासाठी 1959 च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याच्या हाती ठासणीची बंदूक देण्याची सोय ठेवली, दुर्बिणीची रायफल नाही. रोह्याचा मोठा नर दोनशे किलोंहून जड असतो. अंधारात, लांबून, अर्ध्या नेमाने पोटात गोळी खाल्लेला रोही तुरीच्या दाट पिकात शिरला, तर त्याचे हाल होतील ते होतीलच, शिवाय सकाळी तुरीत जाणाऱ्या बाईमाणसाची धडगत नाही. आणि चुकलेली गोळी बांधापाशी थांबत नाही. पलीकडच्या शेतात कोणी राखणीला बसलेला असतो.

मी त्याला एवढेच म्हटले, "दुर्बीण घे, पण बंदुकीशिवाय घे. आठ दिवस माळ्यावर बसून पाहा. कळप किती, कोणत्या नाल्याने येतो, कोणत्या वेळी येतो, कुणाच्या शेतात दिवस काढतो. एकट्याचे कुंपण जनावराला शेजाऱ्याकडे ढकलते. म्हणून शेजारी बोलव, चार शेतांची राखण एकत्र करा, पंचनामा वेळेवर करून भरपाईचा अर्ज द्या. आणि एवढे करून परवानगी काढायची वेळ आलीच, तर काम जाणत्या माणसाकडून, जवळून आणि उजेडात करून घ्या."

लांबून पाहण्याचे सामर्थ्य वाईट नाही. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. तो शेतांतून, नाल्यांतून, गावांच्या कडेने आला. शेकडो कोसांवरून त्याच्यावर नजर होती, आणि त्या नजरेच्या टोकाला गोळी नव्हती. वाघ रोहीही खातो आणि डुक्करही. आपले रान त्याला पुरेल एवढे राखले असते तर तो तरुण माझ्याकडे आलाच नसता, असाही विचार मनात येतो. पण त्यावर बोलायला माझ्याहून जाणते लोक आहेत.

काकांची रायफल त्यांच्यामागे रीतसर विकली. तिच्या डाव्या अंगावरची चार भोके मात्र शेवटपर्यंत राहिली, आणि घेणाऱ्याने तेवढ्यापुरती किंमत पाडून मागितली. ती त्याने पाडली हे योग्यच झाले. दुर्बीण माझ्याकडे आहे. हरभऱ्याच्या दिवसांत ती घेऊन मी अजून बांधावर जातो. गेल्या महिन्यात तो शेतकरीही बरोबर होता. त्याने एकोणीस हरणे मोजली आणि कळपाची नाल्यातली वाट शोधून काढली. त्या वाटेवर काय करायचे याची बैठक पुढच्या आठवड्यात त्याच्या गावी आहे. मलाही बोलावले आहे.