धोटा आणि सुई

भिवंडीतील नारपोलीच्या गल्लीतून जाणाऱ्यास प्रथम ऐकू येतो तो यंत्रमागांचा खडखडाट. उभे धागे ताणलेले असतात. धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो, आडवा धागा टाकतो आणि परततो. अशा एकेका ओळीचे अखेर कापड होते. अणूचे चित्र काढणाऱ्या यंत्राची चालही याहून फारशी निराळी नाही.

साध्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश हा आपला दूत असतो. परंतु दृश्य प्रकाशाच्या लाटेची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि अणू नॅनोमीटरच्या काही दशांशांएवढा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रहाटाच्या दोराने मोती ओवता येत नाहीत, तशीच ही गत होय.

१९८१ साली झुरिचजवळील आय.बी.एम. प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग व हाइनरिख रोहरर यांनी निराळा मार्ग धरला. धातूची अतिशय अणकुचीदार सुई त्यांनी पृष्ठभागापासून सुमारे एक नॅनोमीटर अंतरावर आणली. मधली पोकळी ओलांडून विद्युत्कण वाहू लागतात. अंतर नॅनोमीटरच्या दशांशाने वाढले की प्रवाह सुमारे दहापट घटतो. प्रवाह कायम राखण्यासाठी सुई वरखाली होते, व ती वरखाल ओळीमागून ओळ नोंदली जाते. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांस एर्न्स्ट रुस्का यांच्यासह मिळाले. पुणे विद्यापीठात सी. व्ही. धर्माधिकारी यांनीही अशा सूक्ष्मदर्शकावर संशोधन केले.

परंतु हाती येते ते छायाचित्र नव्हे; तो आकड्यांचा तक्ता होय. ५१२ ओळी आणि प्रत्येकीत ५१२ बिंदू घेतले, तर २,६२,१४४ आकडे. रंग मागाहून मनुष्य भरतो. खरी कसोटी येथेच आहे. सुईस दोन टोके फुटली, तर एका अणूचे दोन दिसतात. उष्णतेने नमुना सरकला, तर चौकोन तिरपा होतो. कापडातील दोष सुताचा की मागाचा, हे जाणत्या कारागिराला ठरवावे लागते, तसेच हे. म्हणून संशोधक नमुना फिरवून पाहतो: खरी खूण नमुन्याबरोबर फिरते, सुईचा दोष मात्र जागचा हलत नाही. जातानाची व येतानाची ओळ तो ताडून पाहतो, सुई बदलतो, आणि मगच निष्कर्ष लिहितो.

जी सुई वाचते, ती लिहूही शकते. १८०४ च्या सुमारास जकार्डने पुठ्ठ्याच्या छिद्रांत नक्षी साठविली. कोणता धागा उचलावयाचा, हे छिद्र सांगे. आय.बी.एम.च्या संशोधकांनी १०२४ तापलेल्या सुयांनी प्लास्टिकच्या पातळ थरावर खळगे पाडून माहिती साठविण्याचा प्रयोग केला. २००२ साली त्यांनी एका सुईने एका चौरस इंचात सुमारे एक लाख कोटी खुणा मावतील इतकी दाटी साधल्याचे जाहीर केले. खळगा म्हणजे एक, सपाटी म्हणजे शून्य. ही योजना बाजारात मात्र आली नाही.

तथापि तिचा बोध उरतोच. खळगा नसता एक वाचला, तर साठविलेले पत्र खोटे ठरेल. अणू नसता दिसला, तर शास्त्र खोटे ठरेल. चित्र सुबक आहे म्हणून ते सत्य होत नाही. कापड हाती आले, तरी मागाची पारख राखली पाहिजे.