शाळेतील विजेची उपकरणे : निवड व संभाव्य गैरवापर



तीन छिद्रांच्या सॉकेटात तीन पिनांचाच प्लग जाईल, असे बोर्ड बसविणारा वायरमन गृहीत धरतो. वर्गात पुष्कळदा निराळेच घडते. ध्वनिक्षेपकाचा दोन पिनांचा प्लग आत जात नाही, म्हणून कोणीतरी वरच्या मोठ्या छिद्रात आगपेटीतील काडी खुपसतो आणि प्लग लगेच बसतो. खिळा किंवा तार विजेच्या भागापर्यंत पोहोचू नये, म्हणून चांगल्या सॉकेटाच्या खालच्या दोन छिद्रांवर आतून झडप असते. अर्थिंगची पिन इतर दोन पिनांहून लांब असल्याने ती प्रथम आत शिरते व झडप उघडते, अशी ती योजना होय. काडीने ती योजना मोडली जाते. शिवाय पहिल्या बाकावरील मूल हा सर्व प्रकार पाहत असते, आणि मुले पाहूनच शिकतात हे शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

यास केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. सुरक्षिततेची मानके रचणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी अशा वर्तनास स्वतंत्र संज्ञा दिली आहे : पूर्वकल्पना करता येण्याजोगा गैरवापर. निर्मात्याच्या मनात नसलेला, परंतु मनुष्यस्वभाव ओळखणाऱ्यास आधीच दिसू शकेल असा वापर, हा तिचा आशय. घरगुती विद्युत् उपकरणांसाठी भारतात आय. एस. ३०२ ही मानकमाला आहे व तिच्या चाचण्यांत हा विचार स्पष्ट दिसतो. मोटरचे चाक मुद्दाम अडकवून ठेवतात. पाणी तापविण्याचे भांडे पाण्यावाचून चालवून पाहतात. सांधे असलेले एक कृत्रिम बोट प्रत्येक फटीत घालून ते विजेच्या भागास लागते काय, हे तपासतात.

तथापि या मानकाच्या व्याप्तीत एक मर्यादा नमूद आहे, आणि शाळेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. लहान मुले उपकरणाशी खेळतील, ही शक्यता त्यात सर्वसाधारणपणे विचारात घेतलेली नाही. म्हणजे ज्या गैरवापराची शाळेत सर्वाधिक खात्री, तोच मानकाच्या बाहेर राहतो. ‘आय. एस. आय. चिन्ह आहे, आता काळजी नको’ असे मुख्याध्यापकाने म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. चिन्ह हवेच, परंतु त्यापुढचा विचार खरेदी करणाऱ्यानेच करावयाचा असतो.

तो कसा करावा, हे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहून ध्यानात येईल. तेथील रासायनिक कारखान्यांत काम करणारे पालक आपल्या शाळांत अनेक आहेत. घरात जो दिवा चालतो, तो ज्वालाग्राही द्रावकाची वाफ साचणाऱ्या खोलीत चालत नाही. तेथे ज्वालारोधी बनावटीचा दिवा व तसेच बटण लागते, कारण साध्या बटणातील ठिणगीही वाफ पेटविण्यास पुरेशी असते. १९६९ पासून वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या अणुविद्युत् केंद्रासारख्या ठिकाणी तर माणूस केव्हा तरी चुकणारच, असे धरून एकामागे एक संरक्षक व्यवस्था उभी केलेली असते. जागा कोणती व हाताळणारा कोण, हे आधी ठरते. मानक त्यानंतर निवडले जाते.

आता शाळेची जागा पाहू. जून ते सप्टेंबर ओल्या भिंती, ओले पाय आणि ओल्या छत्र्या. डहाणू, चिंचणी, सातपाटीकडे खारी हवा. तिने पिना व स्क्रू गंजतात. जव्हार-मोखाड्याच्या खडकाळ जमिनीत अर्थिंग चांगले मिळणे कठीण आणि उन्हाळ्यात माती सुकली की ते आणखी दुबळे होते. अशा शाळेने शक्य तेथे दुहेरी विद्युत्-रोधनाचे उपकरण घ्यावे. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते व त्याचे संरक्षण अर्थिंगवर अवलंबून नसते. धातूच्या अंगाचा पंखा किंवा पाणी थंड करण्याचे यंत्र या प्रकारात सहसा मोडत नाही. त्यास तिसरी पिन व चालू स्थितीतील अर्थिंग ही दोन्ही अत्यावश्यक. प्लग बसेना म्हणून तिसरी पिन कापणे म्हणजे धोक्यास आमंत्रणच होय. पडवीतील दिव्यावर ‘आय. पी. ४४’ असे असल्यास सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून त्यास संरक्षण आहे, असे समजावे. ‘आय. पी. २०’ वर्गाच्या आतच बरा.

बोर्डावरील एम. सी. बी. मुळे मुलाचे रक्षण होते, हा समज मात्र घातक आहे. सहा अँपिअरची एम. सी. बी. वायरीला वाचविते, माणसाचा जीव तर एका अँपिअरच्या दहाव्या भागाने, किंवा त्याहूनही कमी प्रवाहाने जाऊ शकतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरला तुटणारे आर. सी. सी. बी. निराळे बसवावे लागते. त्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पुरवठा तुटतो की नाही हे पाहावे. न तुटल्यास वायरमनला बोलवावे.

काही वस्तू मुळातच घेऊ नयेत. वसतिगृहात बादलीत सोडण्याची पाणी तापविण्याची सळई ही त्यांपैकी एक. आधी बटण बंद करा, मग पाण्याला हात लावा, असे तिच्या सूचनापत्रात छापलेले असते. पाणी तापले काय हे मूल हात घालूनच पाहणार. ज्या उपकरणाची सुरक्षितता केवळ सूचनापत्रावर उभी आहे, ते सूचनापत्र न वाचणाऱ्याच्या हाती देणे गैर होय.

खरेदीच्या वेळी आय. एस. आय. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली ‘सी. एम./एल.’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का, ते पाहावे. नुसते चिन्ह छापणे कोणासही जमते. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ या मोबाईल अॅपवर घातला असता परवानाधारकाचे नाव व परवाना चालू आहे की नाही हे समजते. (१९८७ मध्ये भारतीय मानक संस्थेची जागा ब्यूरोने घेतली, चिन्ह जुन्याच नावाचे राहिले.) दुकानदाराने घाई केली तरी एवढे दुकानातच तपासून घ्यावे, बिल झाल्यावर बदलून मिळणे अवघड.

राहता राहिले मोडके सामान. डेडस्टॉक नोंदवहीतून वस्तू कमी करण्यास वेळ लागतो, म्हणून बंद पडलेला पंखा किंवा ध्वनिक्षेपक वर्षानुवर्षे कपाटाशेजारी पडून राहतो, आणि मधल्या सुटीत कोणी तरी त्याचा प्लग सॉकेटात घालून पाहतो. अशा वस्तूची वायर मुळापासून कापून, प्लगसह गुंडाळून, तिच्यासोबतच कुलपात ठेवावी. नोंदवहीत वस्तू कायम राहते, वायरीचाही हिशोब लागतो.