कोरियातली मुलं बाहेर का जातात?



संयोजकांनी मला कोरियावर बोलायला सांगितलं आहे. नोकरीनिमित्त मी तिथे सहा वर्षं होतो. तिथल्या मालिका आणि गाणी तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. म्हणून मी तिथल्या तरुणांबद्दल बोलतो. आपली मुलं आज त्याच वयाची आहेत.

1963 पासून दक्षिण कोरियातले तरुण खाणकामगार म्हणून पश्चिम जर्मनीला गेले. पाठोपाठ मुली परिचारिका म्हणून गेल्या. पुढे सत्तरच्या दशकात बांधकाम कामगार आखातात गेले. देश गरीब होता. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर घरं चालली, धाकट्या भावंडांची शिक्षणं झाली.

आज देश श्रीमंत आहे. 25 ते 34 वयोगटातल्या सुमारे 70 टक्के लोकांनी उच्च शिक्षण घेतलं आहे. नोव्हेंबरमधल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असते, तेवढा वेळ देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. इतकं शिकून सगळ्यांना मोठ्या कंपनीतच नोकरी हवी असते, कारण लहान कारखान्यात पगार बराच कमी. मोठ्या कंपनीत जागा मोजक्या. मग चिडलेली मुलं स्वतःच्या देशाला 'हेल जोसॉन' म्हणतात. जोसॉन हे तिथलं जुनं राज्य आणि हेल म्हणजे नरक.

सरकारने 2013 मध्ये 'के-मूव्ह' योजना आणली. परदेशात नोकरी मिळावी म्हणून मुलांना भाषा आणि कामाचं प्रशिक्षण द्यायचं, अशी ती योजना. 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी तरुणांना आखातात जायला सुचवलं, तेव्हा मात्र टीकेची झोड उठली. दुसरीकडे 2004 पासून श्रीलंका, व्हिएतनामहून कामगार परवान्यावर तिथल्या लहान कारखान्यांत येत आहेत. म्हणजे कामं आहेत, पण त्या पगारात आणि त्या तासांत घरची मुलं टिकत नाहीत. 2018 मध्ये आठवड्याला 52 तासांची मर्यादा आली, तीही आधी मोठ्या कंपन्यांना.

याची किंमत गावं मोजतात. 2023 मध्ये एका स्त्रीमागे सरासरी 0.72 मूल, इतका जन्मदर खाली गेला. खेड्यातल्या शाळा बंद पडत आहेत. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची एकुलती मुलगी जपानला नोकरीला गेली. त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडची मुलं परत येतात का?" मला उत्तर देता आलं नाही.

मुलांनी जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. मीही गेलो होतो. पण हौसेने जाणं वेगळं आणि इथे जागा नाही म्हणून जाणं वेगळं. आपल्यातले तिघे-चौघे आज स्वतःचे कारखाने चालवतात. त्यांना हक्काने सांगतो, नव्या पोरांना धड पगार द्या आणि वेळेवर घरी सोडा रे. आपल्या शाळेचे वर्ग भरलेले राहायला हवे असतील, तर सुरुवात तिथून आहे.