मुठीतले महिने

मुठीच्या उंचवट्यांवर महिन्यांचे दिवस आपण सगळेच मोजतो. संगणकाला मूठ नसते. त्याला ३१, २८, ३१, ३० अशी बारा आकड्यांची यादी द्यावी लागते. मला प्रोग्रॅम आखूड करायची भारी हौस. प्रत्येक आकड्यातून २८ वजा केले, की उरतात फक्त ०, २ किंवा ३. म्हणजे चार पाया असलेल्या पद्धतीतले अंक! जानेवारी सर्वांत उजवीकडे ठेवून ते ओळीने मांडले आणि आपल्या दशमान पद्धतीत आणले, की एकच संख्या होते : १,५६,६२,००३. तिला चारने भागत जा. पहिली बाकी ३, जानेवारी ३१. दुसरी शून्य, फेब्रुवारी २८. चाळीस अक्षरांचं काम वीस अक्षरांत!

हीच करामत मी रोजंदारीच्या हिशेबात घातली आणि लीप वर्ष विसरलो. २००८च्या फेब्रुवारीत कामगारांचा एक दिवस गळाला. हिशेब पाहणाऱ्या बाई प्रोग्रॅम उघडून बसल्या, पण त्यांना त्यात फेब्रुवारीच सापडेना. त्या संख्येत ४ मिळवले असते, तरी त्या महिन्यापुरतं भागलं असतं. पण हे माझ्याखेरीज कोणाला कळणार? रात्री जाऊन मी बाराही आकडे सुटे लिहिले, खाली लीप वर्षाची ओळ घातली.